खालच्या फळीवरचा उन्हाळा

चैत्र अर्धा सरला की आमच्या पिंपळवंडीच्या वाऱ्याला सुकत्या पातीचा वास सुटतो. वावरात कांदा उपटून पडलेला असतो, त्याच्या माना हळूहळू मऊ पडत असतात, आणि दुपारच्या उन्हात तो वास बांधावरून, कालव्यावरून, थेट माझ्या ओट्यापर्यंत येतो. थोडा गवताचा, थोडा तापल्या मातीचा, थोडा डोळ्यांत जाणारा. मला त्याच वासात जुन्या पुस्तकांचाही वास येतो. हे मी एकदा घरात बोलून दाखवलं, तर सूनबाईंनी प्रेमाने विचारलं, की आई, नाकाच्या डॉक्टरला दाखवायचं का. तेव्हापासून मी ते मनातच ठेवते आणि एकटीच हुंगते.

यंदा कांदा निघाला तेव्हा माझी नात तनू घरी होती. ती अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून आली आणि कानात पांढरी बोंडं खुपसून ओट्यावर पडून राहिली. मला वाटलं, अभ्यास ऐकतेय. आजकाल काय सांगावं, अभ्यासही कानातून जात असेल. तर ती ऐकत होती कादंबरी. तिने एक बोंड माझ्या कानात घातलं. आत कुणीतरी एक बाप्या तूप लावलेल्या आवाजात वाचत होता. किती नवीन गोष्ट आहे ना आजी, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, बाई गं, हे यंत्र मी चाळीसेक वर्षांपूर्वीच होते. फक्त मी विजेवर नाही, चहावर चालायचे, आणि मला बंद करायचं बटण माझ्या सासूच्या हातात होतं.

तेव्हाची मी कशी होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. मी पेठची, म्हणजे आंबेगाव तालुक्यातली. मॅट्रिक होऊन जुन्नर तालुक्यात सून म्हणून आले आणि चालायचे अशी, की जणू दोन तालुक्यांमधलं सगळं शिक्षण मीच डोक्यावरून आणलंय. वाचनाचा मला भारी गर्व. वाचायचे काय, तर फक्त कादंबऱ्या, आणि त्याही एकाच जातीच्या. पहिल्या प्रकरणात नायिकेने खिडकीत उभं राहायचं, मधे कुणीतरी तिला फसवायचं, आणि शेवटाकडे तिने खोकायला लागायचं. ती खोकली की मला बरं वाटायचं. हातरुमाल घेऊनच बसायचे मी. बाकीच्या पुस्तकांना मी पुस्तक मानतच नव्हते. ज्यात खोकला नाही, ते कसलं साहित्य.

त्या उन्हाळ्यात आमचा कांदा जोरकस आला होता. उपटून झाला होता, आता काटणी व्हायची होती, म्हणजे विळ्याने पात कापून कांदा मोकळा करायचा आणि बराखीत भरायचा. बराख म्हणजे फटी-फटींच्या भिंतींची, जमिनीपासून वर उचललेली कांद्याची खोली. वारा आरपार जायला हवा, नाहीतर कांदा घाम धरतो. तेव्हा मजुरांची टोळी टेम्पोने यायची नाही. सावड असायची. आज सगळ्या बाया माझ्या वावरात, उद्या सगळ्या तुझ्या. आणि नेमक्या त्या साली दुपार झाली की आभाळ भरून यायला लागलं होतं. उघड्यावरचा कापलेला कांदा एका पावसात भिजला असता तर वर्षाची मेहनत तिथेच सडली असती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसातून कितीतरी वेळा हात कपाळावर धरून आभाळाकडे बघायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. त्या बोलत नसल्या म्हणजे समजायचं, काळजी मोठी आहे.

काटणीच्या पहिल्याच सकाळी मी माझा अंगठा कापून घेतला. का, तर मी विळा चालवता चालवता नायिकेसारखी दूर डोंगराकडे बघत होते. डोंगरात बघण्यासारखं काही नव्हतं. पण नायिका बघतात, म्हणून मी बघत होते. हळद लावून, चिंधी बांधून मला पातीच्या ढिगावर बसवण्यात आलं, आणि बाया मला बघून पदराआड हसू लागल्या.

त्याच दिवशी पलीकडच्या वावरात टेप लागला. तिथल्या शेवंताबाई नात्याने माझ्या चुलत जाऊ. त्यांच्या मुलाने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता, आणि तो निंबाच्या फांदीला टांगून त्या दिवसभर सिनेमाची गाणी लावत. वर दुपारचा चहाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सावडीतल्या निम्म्या बाया तिकडे. ज्या राहिल्या त्यांचे हात आमच्याकडे आणि कान तिकडे. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हाताचं काम तर गेलं. तोंडाचं कर. वाच कायतरी मोठ्यानं."

मला वाटलं, आता माझी खरी किंमत कळली यांना.

मी तडक गावच्या वाचनालयात गेले. एका खोलीचं वाचनालय, आणि ते सांभाळणारे निवृत्त गुरुजी. कादंबऱ्यांचं कपाट पार मोकळं होतं. लग्नसराईला माहेरी आलेल्या पोरींनी एकूणएक नेल्या होत्या. उरली होती एक रहस्यकथा, ती घेऊन आले. पहिल्या पानावर खून होता. खोकला नव्हता, पण मेलं तर कुणीतरी होतं, म्हणून मी चालवून घेतलं.

काय सांगू तुम्हाला. बायांनी ती रहस्यकथा डोक्यावर घेतली. विळे असे सपासप चालू लागले की मला आवाज चढवावा लागला. हिराबाई म्हणून आमची शेजारीण होती, माझ्याच वयाची. ती तर खुनी कोण हे ओरडून सांगू लागली, आणि दर पानाला तिचा खुनी बदलायचा. संध्याकाळपर्यंत केवढा ढीग लागला. मी ऐटीत होते. आत्याबाईंनी मात्र ढिगातला एक कांदा उचलला, मग दुसरा, मग खालचा एक ओढून काढला, आणि तिथेच मटकन बसल्या.

कांद्याला मान ठेवावी लागते. पात कापताना दोन बोटं मान राखायची, ती सुकून कांद्याचं तोंड मिटतं, मग तो दिवाळीपर्यंत टिकतो. मान बुडातून कापली की तोंड उघडं राहतं, आणि बराखीत एक नासला की शेजारचे दहा नासवतो. आणि इथे खुनी जसजसा जवळ येत गेला, तसतशी मान आखूड होत गेली होती. ढिगाच्या तळाशी दोन बोटं, मधे एक, आणि जिथे पोलीस दारावर येतात तिथले कांदे तर पार बोडके. कुठल्या पानाला बायांचा जीव अडकला, ते आत्याबाई अक्षर न वाचता दाखवू शकत होत्या. इतकी चोख समीक्षा मी पुढे कुठल्या मासिकात वाचली नाही.

त्या बोडक्या कांद्यांना घरात नाव पडलं, खुनाचे कांदे. ते आधी खाऊन संपवायचे ठरले. आणि वाचन बंद. बंद केलं तर तिसऱ्या दिवशी वावरात मी, आत्याबाई आणि म्हाताऱ्या गऊबाई, इतक्याच. पलीकडे टेप जोरात. वर आभाळ काळं. गऊबाई विळ्याला धार लावता लावता म्हणाल्या, की बाया काय वाईट न्हाईत गं, पण दिसभर नुसता कांदा बघून मानूस बी कांदाच व्हतंय.

आत्याबाईंनी आपला विळा खाली ठेवला. मग त्यांनी मला बोलावलं.

"त्या वाचनालयात आसं पुस्तक आसंल का, ज्यात खून न्हाई, लगीन न्हाई, रडारड न्हाई?"

"मग उरलं काय आत्याबाई?"

"त्येच आण. ज्यात काय घडत न्हाई त्ये."

मी गुरुजींसमोर जाऊन ही मागणी सांगितली तेव्हा मला लाजेने बोलवेना. पण गुरुजींचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला. ते म्हणाले, तशी तर पुष्कळ आहेत, खाली बसावं लागेल. आणि त्यांनी मला सगळ्यात खालची फळी दाखवली. त्या फळीपुढे मी पहिल्यांदाच उकिडवी बसले. तोवर त्या वाचनालयात मी डोळ्यांच्या उंचीच्या वर कधी गेले नव्हते आणि खाली तर नाहीच. तिथली पुस्तकं एकमेकांना चिकटली होती. ओढली की चर्रकन आवाज यायचा, जशी कुणी बऱ्याच दिवसांनी कूस बदलावी. मी नाक मुरडत एक सापांवरचं घेतलं, एक हिमालयात पायी हिंडलेल्या बाईचं, एक कवितांचं, आणि एक कोकणातल्या दीपगृहावर नोकरी केलेल्या माणसाच्या आठवणींचं. दीपगृहाचं मी तिथेच चाळून पाहिलं होतं. वारा सुटला, दिवा पुसला, वाट पाहिली. पुन्हा वारा सुटला. इतकं कंटाळवाणं पुस्तक छापणाऱ्याचं मला कौतुक वाटलं. हे कांद्याला एकदम सुरक्षित, म्हणून ते मी शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवलं.

सापांच्या पुस्तकाने सुरुवात केली. पुन्हा वाचन आहे म्हटल्यावर हिराबाई आणि आणखी दोघी-तिघी परतल्या होत्या. मी कंटाळलेल्या आवाजात वाचत होते, आणि गऊबाई मात्र त्या लेखकाशी भांडायला लागल्या. तो लिहायचा, धामण विषारी नाही, उंदीर खाते, तिला मारू नये. गऊबाई म्हणायच्या, त्याला म्हणावं आमच्या बांधावर ये आणि मग लिव. तो लिहायचा, साप दूध पीत नाही. गऊबाईंनी विळा खाली ठेवला आणि विचारलं, मग मी इतकी वर्सं वाटीभर दूध कुणाला पाजलं? हिराबाई म्हणाली, मांजराला. ते हसणं पलीकडच्या वावरापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी पातीच्या ढिगातून खरीच एक धामण निघाली. तेव्हा बायांनी किंचाळायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून भराभर पान शोधू लागले. तोवर हिराबाई शांतपणे म्हणाली, की जाऊ दे तिला, ती आपल्या बराखीचे उंदीर खानार हाये. धामण गेली. संध्याकाळी आत्याबाईंनी कांदे पाहिले. एकूणएक दोन बोटं मान.

उरलेल्या बायाही परत यायला लागल्या. टेपवर म्हणे तीच तीच गाणी येतात, आणि हिकडं रोज नवं भांडण.

मग वेळा ठरत गेल्या. भर दुपारी, ऊन अंगावर आलं की हिमालय. त्या बाईचे जोडे बर्फात रुतायचे आणि इकडे हिराबाई पदर अंगाभोवती घट्ट ओढून घ्यायची. एकदा तर गऊबाईंनी मला सांगितलं, आता बास कर, हाडं गारठली. सकाळी कविता. मला वाटलं होतं, कविता यांच्या डोक्यावरून जाईल. मला स्वतःला ती समजायची नाही, पण ते मी कुणाला कळू देत नव्हते. गऊबाईंनी दोन कविता ऐकल्या आणि निकाल दिला, की हा माणूस आपल्यासारखाच बोलतोय, फक्त मधीमधी थांबतोय. आणि तो जिथे थांबायचा तिथे सगळ्यांचे विळे बरोबर एकदम खाली यायचे. ओळ संपली, कांदा पडला. ओळ संपली, कांदा पडला. कवितेचा ताल म्हणजे काय, हे मॅट्रिकला मार्क मिळवूनही मला कळलं नव्हतं. ते तिथे पाटीत पडणाऱ्या कांद्यांनी कळलं.

आता मी सत्तरीकडे झुकले तरी माझी ती खालची फळी सुटलेली नाही. कुठल्याही वाचनालयात गेले की मी आधी खाली बसते. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांना मी सांगते, तुम्हाला काय कळतं वाङ्मयातलं. नारायणगावच्या आठवडे बाजारात एक रद्दीवाला बसतो. तो मला बघितलं की वरची चकचकीत पुस्तकं बाजूला सारतो आणि म्हणतो, आजी, तुमचा माल खाली हाय. मधमाश्यांवरचं एक पुस्तक मला तिथेच मिळालं. एका गावोगाव नाटकं नेणाऱ्या माणसाने लिहिलेलं फर्मास प्रहसनही तिथेच मिळालं. एका डॉक्टरीण बाईंनी आदिवासी पाड्यांवरच्या बाळंतपणांबद्दल लिहिलेलं पुस्तक तर मी तीनदा वाचलं. आकाशातल्या ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन मी अंगणात बसते, पण बिबट्याच्या भीतीने पोरं मला दिवे लागताच आत ओढतात, म्हणून माझे तारे अजून अर्धेच झालेत. ही पुस्तकं कुणी वाईट ठरवली नव्हती. कुणी उघडलीच नव्हती, इतकंच. तनू म्हणते, तिच्या फोनवर लोक पुस्तकांना तारे देतात, पाचपैकी किती ते. मी विचारलं, ज्यांना एकही तारा नाही ती कुठे ठेवतात? ती म्हणाली, ती खाली जातात. म्हणजे तिथेही खालची फळी आहेच. आता मी चष्मा लावून तिच्या फोनवर खाली खाली जात असते आणि ती ओरडते, आजी, चार्जिंग संपवलंस.

तर त्या साली काटणीचे शेवटचे दिवस आले. आभाळ रोज येऊन दम देऊन जात होतं. थोडंच वावर उरलं होतं आणि माझ्याकडे फक्त ते दीपगृहाचं पुस्तक उरलं होतं. मी बायांची आधीच माफी मागून टाकली, की यात खरंच काही घडत नाही.

"आमच्यात तरी काय घडतं," हिराबाई म्हणाली, "तरी रोज उठतोच की."

तर तो माणूस आणि त्याची बायको समुद्रातल्या एका खडकावर राहायची. दिवा सांभाळायचा, एवढंच काम. पावसाळ्यात समुद्र बंद, चार महिने होडी नाही. जे काय धान्य, तेल, मीठ आधी भरून ठेवलं असेल त्यावर काढायचं. बाई रोज सकाळी उठून समुद्राकडे बघायची. आमच्या वावरातल्या एकीनेही समुद्र पाहिला नव्हता. मी पाहिला होता, असं मी सांगत असे, पण तो कॅलेंडरवर. तरी वाचता वाचता वावर शांत होत गेलं. त्या बाईचे तांदूळ किती उरले, याचा गऊबाई स्वतःच्या घरातल्यासारखा हिशेब करू लागल्या. तेल संपत आलं तेव्हा हिराबाईने तिला पुटपुटत दोन शिव्या घातल्या, की आधीच पुरवून वापरायचं नाही का. शेवंताजाऊबाई शेळी शोधायच्या निमित्ताने बांधावर आल्या. शेळी त्यांच्या मागेच उभी होती. त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि हळूच खाली बसून आमच्यातलाच एक विळा उचलला. पलीकडचा टेप बंद होता. तो कधी बंद झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटच्या दुपारी ढग अगदी खाली उतरले. बाया पाट्या भरभरून बराखीकडे धावत होत्या, मी मागे मागे पुस्तक घेऊन. वारा पानं उलटवत होता आणि मी अंगठ्याच्या चिंधीने ती दाबून धरत होते. थेंब पडायच्या आत सगळा कांदा आत गेला. उरला होता एकच ढीग, आत्याबाईंचा स्वतःचा. गऊबाई तो पाटीत भरायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी एक कांदा उचलून सगळ्यांना दाखवला. बोडका. दुसराही बोडका. सगळा ढीग खुनाच्या कांद्यांपेक्षा बोडका.

कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी पाटी आपल्याकडे ओढली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होते, वर्षातून एकदा घरी यायचे, एवढंच मला माहीत होतं. आत्याबाई त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या आणि तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी तो सगळा ढीग बायांच्या ओट्यांत वाटून टाकला. काटणी संपली की प्रत्येकीला वानवळा द्यायचा असतोच. फक्त बजावलं, की ठेवू नका, आठ दिवसांत खाऊन टाका. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होडी आली का न्हाई, तेवढं सांग."

आम्ही सगळ्या बराखीच्या आडोशाला दाटीवाटीने उभ्या होतो. फटींमधून नुकत्या भरलेल्या कांद्यांचा उबदार वास येत होता. मी शेवटची पानं वाचली. पाऊस सरला, समुद्र मऊ झाला, आणि एका सकाळी त्या बाईला होडी दिसली. होडीत तेल होतं, तांदूळ होते, माहेरची पत्रं होती. बाई पाण्यात गुडघाभर उतरली. पत्रं तिने नवऱ्याकडे दिली, पोत्यात हात घातला, आणि तिच्या हाताला कांदा लागला. चार महिन्यांत तिने कांदा पाहिला नव्हता. तिने तिथेच खडकावर तो मुठीने फोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला, आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत राहिली. पुस्तक तिथे संपत होतं.

शेवंताजाऊबाईंनी डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. मी, खोकणाऱ्या नायिकांवर रुमाल भिजवणारी मी, पुस्तक मिटून नुसती उभी होते. रुमाल काढायचंही सुचलं नाही.

आत्याबाई मात्र विचारात पडल्या होत्या.

"त्या कांद्याची मान किती व्हती, लिवलंय का?"

मी पुन्हा पान उघडून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

"पावसाळाभर टिकून मंग समुद्रात गेला," त्या हळूहळू म्हणाल्या, "म्हंजी दोन बोटं आसनारच." आणि बराखीच्या फटीतून हात घालून त्यांनी आतला एक कांदा चाचपला. "आपल्याच हिकडचा आसंल त्यो."